तोंडात घालू देऊ नका

४ जानेवारी

खुळखुळ्यांचं खोकं परत आलं! उघडलंसुद्धा नव्हतं. आमचीच चिकटपट्टी, आमचाच दोरा. दुकानदारानं स्वतः आणून दारात ठेवलं आणि चहा नको म्हणाला, म्हणजे प्रकरण गंभीर.

"बाई, नवा नियम लागू झालाय. लहान मुलांची वस्तू तपासणीच्या कागदाशिवाय ठेवली तर दंड मला." मान खाली घालून बोलत होता बिचारा. त्याच्यावर राग काढून काय उपयोग! मग जाता जाता हळूच — "एक करा ना. वर लिहा, तीन वर्षांपुढील मुलांसाठी. मोठ्या मुलांच्या खेळण्यांना एवढी कटकट नाही."

बाबांना सांगितलं तर लेथ बंद न करताच ओरडले, "तीन वर्षांचा माणूस खुळखुळ्याचं करणार काय? शेजारच्याच्या डोक्यात घालणार!"

आम्ही खूप हसलो. मग बाबांनी लेथ बंद केला. आम्ही दुसरं काही बनवतच नाही. बाबा खुळखुळे करतात, मी त्यांच्याकडून शिकले, मागच्या खोलीत लाकूड कातायचे दोन लेथ पाठीला पाठ लावून उभे आहेत. एवढाच आमचा कारखाना.

५ जानेवारी

नियम वाचला. डोकं उठलं. खुळखुळा उंचावरून आपटणार. पिळणार. ओढणार. मग रंग खरवडून आंबट पाण्यात भिजवणार — पोटात गेल्यावर काय होतं ते बघायला! बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "ही परीक्षा आहे की मारहाण?" म्हणाले.

फी बघून तर तोंडचं पाणीच पळालं. मोठी कंपनी ती एकदा भरणार आणि लाखांनी नग विकणार. आम्ही वर्षाला विकतो किती! आणि फी दोघांना सारखीच. हा कुठला न्याय?

आणि सोफावाल्याचा फोन नेमका आजच यायचा होता. त्याच्या फर्निचरच्या कारखान्याला सोफ्याचे पाय कातून हवेत, बारा महिने, सगळे एका मापाचे. "तुमचा हात साफ आहे, विचार करा." करते म्हटलं. फोन ठेवला. सोफ्याचे पाय. जन्मभर!

८ जानेवारी

खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला फोन केला. वाटलं होतं कुणी खडूस साहेब असेल. निघाली एक मॅडम, सर्दी झालेली, दर वाक्याला शिंकणारी. मी आपली तावातावानं सुरू झाले — आम्ही छोटी माणसं, हातानं काम करतो, आजवर एक तक्रार नाही, शिवाय मी विकताना प्रत्येक आईला बजावून सांगते की तोंडात घालू देऊ नका.

"काय सांगता म्हणालात?"

"तोंडात घालू देऊ नका."

शिंकली. मग म्हणाली, "अहो, सात महिन्यांचं पोर खुळखुळा तोंडात नाही घालणार तर काय खिशात घालणार?"

कप्पाळ माझं! दुकानदाराची युक्तीही विचारून पाहिली. "वर काहीही लिहा. खुळखुळा तो खुळखुळाच." संपला विषय. नमुना पाठवा म्हणाली.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. हे मी का म्हणते सगळ्यांना? बाबा तर कधीच म्हणत नाहीत. मीच म्हणते, बाजारात पिशवी हातात देताना, अगदी सवयीनं. म्हणजे माझाच भरवसा नव्हता का? छे! काहीतरीच.

१२ जानेवारी

आज मजा आली. ताई आली होती, खारूताईला घेऊन. खारूताई म्हणजे ताईची लेक, दोनच दात आणि त्या दोन दातांनी अख्खं घर कुरतडायला निघालीय. टेबलाची कड, बाबांची चप्पल, माझं नाक, काही सोडत नाही.

मी नमुन्याचा खुळखुळा पुसत होते. आमचा नेहमीचाच — लाकडाच्या दोन वाट्या कातायच्या, आत मणी, सरस लावून मिटवायच्या, खाली मूठ, वर लाल-पिवळा रंग. बाबा बघत उभे होते. मग म्हणाले, "परीक्षेला जायचंय. जरा बरे कपडे नकोत का?" आणि फडताळातून सोनेरी रंगाची डबी काढली. कधीतरी तसबिरीच्या चौकटीला आणलेली. म्हणे मधोमध एक सोनेरी पट्टी मार, साहेबलोकांना छाप पडली पाहिजे.

मारली. काय दिसत होता! नवरदेवच जणू. ताईसुद्धा म्हणाली, "आता कोण नापास करतंय बघू." बाबांना एवढा चेव आला की त्यांनी तसाच दुसरा करायला लावला, नातीसाठी. वाळल्यावर खारूताईनं घेतला आणि गेला थेट तोंडात. सगळे हसलो.

१३ जानेवारी

पार्सल गेलं. बाबा पोस्टापर्यंत बरोबर आले. उगाच.

२९ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

मॅडमचा फोन आला. नापास. दोन गोष्टींत. एक — आपटल्यावर सांधा उघडला आणि मणी सांडले. दुसरी — सोनेरी रंगात शिसं. "बाकी लाल-पिवळा अगदी स्वच्छ आहे हो तुमचा. ही सोनेरी पट्टी रोजच्या मालावर असते?"

मी म्हटलं, "नाही. ती खास तुमच्यासाठी."

 मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही विकता तो पाठवायचा असतो. नटवलेला नाही."

मी पुढचं ऐकलंच नाही. डोळ्यांसमोर खारूताई! तिच्याकडे तोच सोनेरी. गेले कितीतरी दिवस चोखतेय. ताईला फोन लावला. ती "हॅलो" म्हणायच्या आत ओरडले, "काढ! तिच्या तोंडातून काढ तो!"

३० जानेवारी

डॉक्टरांनी खारूताईचं रक्त घेतलं. ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाबांकडे तर तिनं पाहिलंही नाही. बाबा दवाखान्याबाहेर भिंतीला टेकून उभे होते, आत यायला धजत नव्हते.

रंग मी लावला होता. त्यांनी फक्त सुचवला. पण ते ऐकायला तयार नाहीत.

१ फेब्रुवारी

रक्त ठीक! काही नाही निघालं!! भावोजींचा फोन होता. ऐकून बाबा स्टुलावर बसले आणि रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले मग.

३ फेब्रुवारी

भावोजी येऊन एक पिशवी देऊन गेले. त्यांनाच लाज वाटत होती. "तिनं पाठवलंय. तुम्ही मनावर घेऊ नका." पिशवीत त्यांच्या घरातले सगळे खुळखुळे. सोनेरी, लाल, पिवळा — आणि तळाशी ताईच्या स्वतःच्या बाळपणीचाही, बाबांनी तिच्यासाठी कातलेला. तो तर कोऱ्या लाकडाचा आहे. त्याला रंगच नाही!

रागानं मी फोन उचलला होता. बाबा म्हणाले, "ठेव. बरोबर केलं तिनं. आई आहे ती."

५ फेब्रुवारी

सोनेरी डबी मी झाकण घट्ट लावून घातक कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. परतले तर मागच्या खोलीतून आवाज — टाक्! टाक्! बाबा टेबलाशी उभे राहून पिशवीतला एकेक खुळखुळा उचलत होते आणि खाली फरशीवर सोडत होते. प्रयोगशाळेत करतात तसं. मी दारातच थांबले.

एक टिकला. दुसरा टिकला. ताईचा जुना तर चेंडूसारखा उसळला. मला वाटलं, बघा, उगाच बोभाटा! आणि मग तो लाल फुटला. सांध्यावर दोन वाट्या बाजूला झाल्या आणि मणी घरंगळत पार लेथच्या खाली गेले.

बाबा गुडघ्यावर बसून वेचायला लागले. मीही बसले. मी एक मणी चिमटीत धरून पाहिला. त्या आकाराचं काही बाळाच्या घशात अडकलं तर... दोघांच्याही मनात तेच. शेवटी बाबा म्हणाले, "धाकटे, नियम काही मूर्ख नाही गं."

मला नियमाचा राग होता तोवर बरं होतं. राग गेला आणि आता नुसती भीती उरली.

९ फेब्रुवारी

सोफावाला येऊन गेला. नमुन्याचा एक पाय कातून दिला, बघता बघता झाला. त्यानं उलटापालटा करून पाहिला आणि "वा वा" केलं. "असेच पाठवत राहायचं. विचार करायचाच नाही." चांगला माणूस आहे. पैसेही वेळेवर देईल. पण ते शेवटचं वाक्य ऐकून मला त्याच्याच टाळक्यात पाय घालावासा वाटला.

बाबांनी तो पाय हातात घेतला, अंगठा फिरवला. "छान झालाय," म्हणाले. आणि बाहेर निघून गेले.

११ फेब्रुवारी

बाहुलीवाल्या काकू आल्या! बाजारात माझ्या शेजारी बसतात. लाकडी बाहुल्यांचे चेहरे रंगवतात आणि गिऱ्हाइकापेक्षा माझ्याशी जास्त बोलतात. त्यांचाही माल परत आलाय. मला वाटलं आता दोघी मिळून गळे काढणार. तर बाई आल्या त्या कंबर कसूनच.

"ए, तुझा लाल-पिवळा पास झाला म्हणे?"

"हो, पण उपयोग काय?"

"उपयोग काय म्हणजे! मी विचारून आलेय तुझ्या त्या शिंकऱ्या मॅडमना. रंग एकाच डब्यातला असेल तर एकदाच तपासायचा. तो कागद दोघींना चालतो. कोड्यांचे ठोकळे करणारा आहे ना, त्यालाही आपल्यातच घेऊ. डबा एक, फी वाटून!"

 म्हणजे नियमात छोट्या माणसाला दार होतं, आम्ही भिंतच बघत बसलो होतो. काकूंना मिठी मारली. "पुरे गं, अंबाडा सुटतोय," म्हणाल्या.

राहिला सांधा. सरस कितीही चांगला असो, दोन वाट्या त्या दोनच.

१५ फेब्रुवारी

न राहवून ताईकडे गेले. दार उघडलं तिनं, हेही खूप झालं. चहा केला. माझ्याशी बोलली तेवढ्यापुरतं. बाबांचं नाव निघालं की उठून आत काहीतरी आणायला जायची.

खारूताई तिच्या मांडीवर. आणि ती खेळत होती ताईच्या बांगड्यांशी. ओढायची, चावायची, हलवायची. बांगड्या मनगटावर खालीवर खळखळ वाजायच्या आणि ती खुदकन हसायची. मी सहज म्हटलं, "ओढून काढेल बरं का." ताई म्हणाली, "छे गं. बाळंतपणानंतर हात असा सुजलाय की साबण लावूनही निघत नाहीत. वाजतात फक्त."

वाजतात फक्त!

चहा तसाच टाकून उठले. ताई म्हणत होती, "अगं काय झालं? वेड लागलं का?" लागलं असेल. बसमध्ये सगळा वेळ माझ्याच मनगटाकडे बघत होते.

वाट्या नकोत. मणी नकोत. सरस नको. एकच लाकूड. मधली दांडी कातायची आणि तिच्यावरच, त्याच लाकडातून, कड्या सोडवायच्या. दोन्ही टोकं जाड. कड्या फिरतील, वाजतील, पण निघणार कुठून? घातल्याच नाहीत तर निघतील कशा!

१६ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "लाकडाला पोटातून बांगड्या घालायला निघालीस?" पण पटाशी घासायला बसले.

१९ फेब्रुवारी

सगळ्या कड्या फुटतायत. सुटता सुटता तडकतात. खोलीभर कड्यांचे तुकडे. एक तर भिरभिरत येऊन बाबांच्या चष्म्याला लागली! "परीक्षेआधीच मारहाण सुरू," म्हणाले. मी हसले नाही. सोफावाल्याचा पुन्हा फोन आला होता, मी उचलला नाही.

२१ फेब्रुवारी

चूक आमची होती. कडी पूर्ण सुटायच्या आतच तिला घासून गुळगुळीत करायला हवं; खडबडीत राहिली की सुटता सुटता पटाशी अडकून तडकते, आणि सुटल्यावर ती हाताशी थांबतच नाही. आम्ही उलटं करत होतो, सवयीनं, आधी कातायचं मग घासायचं. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून पटाशी माझ्या हातात आणि घासकागद त्यांच्या. एकाच लेथवर दोघं. कोपराला कोपर लागत होतं. मी सारखी "सरका ना" म्हणत होते आणि ते "तूच सरक" म्हणत होते.

जेवायचं विसरलो.

२२ फेब्रुवारी

झाला!!

तीन कड्या, दांडीवर मोकळ्या फिरणाऱ्या. एकच लाकूड, सांधा नाही, आत काही नाही. मी बाबांच्या हातात दिला. त्यांनी कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मला वाटलं आवडला नाही. आमच्या जुन्याचा आवाज कसा भरघोस, हा आपला टक्-टक्, टक्-टक्.

"हा खुळखुळत नाही," म्हणाले.

"मग?"

"गप्पा मारतो."

आणि लगेच टेबलावरून खाली सोडला. मग मी सोडला. मग खुर्चीवर चढून सोडला. मग कड्यांना दोरी बांधून पाण्याची बादली लटकवली, तरी ढिम्म! शेजारच्या काकांनी भिंतीवर थापा मारल्या, "काय पाडताय घर?" त्यांनाही बोलावून दाखवला.

२५ फेब्रुवारी

नमुना पाठवला. टोकांना लाल-पिवळा, काकूंच्या आणि आमच्या एकाच डब्यातला. बाकी कोरं लाकूड. बाबा सकाळी हळूच म्हणाले, "जरासं मेण जास्त लावू का? चमक येईल..."

"बाबा!"

"नाही, विचारलं आपलं."

जसा विकणार तसाच गेला. एक बिनरंगी घरी ठेवलाय, खिडकीत. ताईला सांगितलं नाही.

४ मार्च

काही नाही. फोनही नाही. काकू रोज विचारतात, मी रोज चिडते.

६ मार्च

सोफावाला म्हणाला, सोमवारपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. त्याचंही खरं आहे. सगळं गणित मांडलं तर हो म्हणण्यातच शहाणपण. नापास झालो तर पुन्हा फी भरायची ताकद नाही, हेही खरं. बाबांना विचारलं. "तुझा लेथ, तुझं आयुष्य. मी काय सांगू?" पण सांगताना खिडकीकडेच बघत होते.

उद्या त्याला हो म्हणून टाकेन. एकदाचं होऊन जाऊ दे.

७ मार्च

नाही केला फोन. उद्या नक्की.

८ मार्च

ताई आली! न कळवता. खारूताईला कडेवर घेऊन दारात उभी. म्हणाली, "ही घरी नुसती बांगड्याच ओढत बसते. म्हटलं आजोबांकडे न्यावं." बाबा उठले, पुन्हा बसले, काय करावं त्यांना कळेना.

खिडकीतला खुळखुळा ताईला दिसला. उचलला.  तिनं कड्या ओढल्या, जीव खाऊन. पिळल्या. फरशीवर आपटला, दोनदा. नखानं लाकूड खरवडलं, वास घेतला. मग धुऊन आणला, पदरानं पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

लेकीनं अर्थातच थेट तोंडात. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "अगं, तोंडात घालू—"

"असू दे," ताई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला. प्रयोगशाळेचा कागद अजून यायचाय. मी आत जाऊन सोफावाल्याला फोन केला आणि दुसरा माणूस बघायला सांगितलं.